'हो' म्हणणाऱ्याची संमती
(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लोलक टांगताना त्याला कोणी 'तुला चालेल का?' असे विचारीत नाही. मानसशास्त्राचा प्रयोग मात्र पुष्कळदा माणसावर होतो. ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला पाठ्यपुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. या प्रयुक्ताला भीती वाटते, लाज वाटते, आणि प्रयोग संपल्यावर त्याला आपल्या घरी जायचे असते. म्हणूनच 'संशोधन कसे करावे' या प्रश्नाला लागून 'ते कुठवर करावे' हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर आपण बहुधा एका शब्दात देतो: संमती. प्रयुक्ताने 'हो' म्हटले की झाले. हे खरेच इतके सोपे आहे काय, ते एका प्रसिद्ध प्रयोगाच्या आधारे पाहू.

१९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण प्राध्यापकाने आज्ञापालनावरील प्रयोग सुरू केले. आलेल्या माणसांना मात्र सांगण्यात आले, की हा स्मरणशक्तीचा अभ्यास आहे. येण्याबद्दल त्यांना भाड्यासह साडेचार डॉलर मिळत. प्रयुक्ताने 'शिक्षक' व्हायचे, आणि पलीकडच्या खोलीतील 'विद्यार्थी' चुकला की विजेच्या धक्क्याचे बटण दाबायचे. प्रत्येक चुकीला धक्का वाढवायचा. बटणे ३० होती, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला धक्का बसतच नव्हता. तो मिलग्रॅमचाच माणूस होता. ३०० व्होल्टला तो भिंतीवर हात आपटी, आणि त्यानंतर त्याची उत्तरे बंद होत. शिक्षक कचरू लागला की करडा कोट घातलेला प्रयोगकर्ता शांतपणे 'पुढे चालू ठेवा' असे सांगे.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ४० पुरुषांची हकीकत आहे. त्यांपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. ही माणसे क्रूर नव्हती. बटण दाबताना त्यांना घाम फुटत होता, ती थरथरत होती, ओठ चावत होती. तरीही ती थांबली नाहीत.

१९६४ साली डायना बॉमरिंड या विदुषीने या प्रयोगावर कडक टीका केली. अनोळखी प्रयोगशाळेत आलेला माणूस संशोधकावर विश्वास टाकून येतो. त्या विश्वासाचा उपयोग त्यालाच यातना देण्यासाठी करावा काय, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. मिलग्रॅमने उत्तर दिले, की नंतर पाठविलेल्या प्रश्नावलीत ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याबद्दल समाधानच व्यक्त केले. पुढे जिना पेरी यांनी येलमधील जुनी कागदपत्रे तपासून २०१२ साली पुस्तक लिहिले. त्यावरून असे दिसते, की अनेकांना त्या दिवशी पूर्ण सत्य न सांगताच घरी पाठविले होते.

या वादात फसवणुकीची चर्चा पुष्कळ झाली. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. समोर उभ्या असलेल्या संशोधकाला 'नाही' म्हणणे साध्या माणसाला फार जड जाते, हेच तर हा प्रयोग सांगतो. मग प्रयोगाच्या आरंभी त्याने म्हटलेले 'हो' तरी कोणाला म्हटलेले असते? त्याच कोटाला! म्हणजे संमती हेदेखील आज्ञापालन असू शकते.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्पासाठी चिंतेवरची प्रश्नावली घेऊन मी गावी गेलो होतो. वीस जणांकडून ती भरून घ्यायची होती. आमच्या आळीतल्या एका मावशींना 'थोडी माहिती हवी, सांगाल का?' असे विचारले. त्या 'हो' म्हणाल्या. झोप लागते का, कशाची धास्ती वाटते, सगळे सांगितले. सांगताना डोळ्यांना पदर लावला. शेवटी म्हणाल्या, "पोरा, आता घरकुलाच्या यादीत माझं नाव लागंल न्हवं?"

माझी मान खाली गेली. मी खोटे एक अक्षर बोललो नव्हतो, पण हातातला छापील कागद माझ्या वतीने बोलला होता. आमच्या घरीही कागद आला की वडील 'अंगठा कुठं लावू?' एवढेच विचारतात. कागदात काय आहे हे विचारण्याची सवय आमच्या पिढ्यांना कोणी लावलीच नाही. त्या घरातला मी, आज कागदाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

नियम नाहीत असे नाही. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की माहिती प्रयुक्ताला समजेल अशा भाषेत द्यावी, त्याला केव्हाही माघार घेता यावी, आणि तो निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षीदार असावा. पण नियम पाळल्याची खूण म्हणून शेवटी सही किंवा अंगठाच उरतो, आणि अंगठा तर आमची माणसे कोठेही उमटवतात.

उपायाचा धागा मिलग्रॅमच्याच एका प्रयोगात सापडतो. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन टेलिफोनवरून आज्ञा देऊ लागला, तेव्हा ४० पैकी फक्त ९ जण शेवटपर्यंत गेले. संशोधक दूर झाला की माणसाला स्वतःचे मन ऐकू येते. तेव्हा माहिती सांगून लगेच 'हो' घेऊ नये. उठून यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे. 'यातून तुम्हाला काही मिळणार नाही' हे आधी सांगावे. समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. आणि 'नको' कसे म्हणायचे, तेही आपणच सांगावे.

पुढच्या रविवारी मी सर्वांकडे याच रीतीने पुन्हा गेलो. मावशींचा कागद त्यांच्यासमोर फाडला. आणखी चौघे 'नको' म्हणाले. विसांपैकी पंधराच कागद उरले. सरांना भीत भीत कारण सांगितले, तेव्हा त्यांनी ते अहवालातच लिहायला सांगितले. मला गुण किती मिळाले हे गौण आहे. त्या पंधरा जणांचे 'हो' मात्र त्यांचे स्वतःचे होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.