नटांची बैठक

आमच्या गिरगावात ‘नट’ म्हटलं की माणसांना साहित्य संघाचा रंगमंच आठवतो. मला मात्र लालबागच्या पुलाखालचा रस्ता आठवतो. तिथे उकिडवा बसून मी गाडीच्या पुढच्या चाकाचा नट दोन बोटांनी फिरवला होता. पाना न लावता.

गाडी होंडा सिटी. दुसऱ्याच्या हातची, पण इंजिन ठणठणीत. तिची लोखंडी चाकं आणि त्यांवरचे प्लॅस्टिकचे कप मला खुपायचे. गणपतीला गावी जायचं, चार लोक बघणार, तेव्हा मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, घ्यायचीच असं ठरवलं. दुकानदार माहीतगार वाटला. चार नटांची चाकं, पीसीडी 100 म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर, हे त्याने मोजून दाखवलं. टायर फेंडरला घासत नाही हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून दाखवलं. मग पोऱ्याने गाडीचे जुनेच नट उचलले, हवेची गन लावली आणि दोन मिनिटांत सोळाही नट बसवले. मी विचारलं, ‘‘नट हेच चालतील?’’ ‘‘साहेब, कंपनीचे ओरिजिनल आहेत.’’ ओरिजिनल या शब्दापुढे मध्यमवर्गीय माणूस गप्प बसतो. मीही बसलो.

चार दिवसांनी स्टिअरिंग थरथरायला लागलं. मुंबईत असं काही झालं की दोष द्यायला पेव्हर ब्लॉक हजरच असतात. बॅलन्सिंग पुन्हा करून घेतलं. तिथेही चाकं काढली, तेच नट, तीच गन. थरथर दोन दिवस गेली आणि परत आली. आठव्या दिवशी मावशीला केईएममध्ये दाखवून गिरगावात सोडायला निघालो होतो. भारतमाता सिनेमाजवळ सिग्नलला शेजारचा टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, ‘‘शेठ, आगे का पहिया नाच रहा है।’’ मावशी म्हणाली, ‘‘थांबव आधी.’’ पुढे जाऊन बाजूला घेतली. चार नटांपैकी एक नाहीसा, एक स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो दांडा, मुळातून मोडलेला, उरलेले दोन सैल. दोन दिवसांनी हीच गाडी घेऊन आम्ही सहाजण कशेडी घाटातून जाणार होतो.

परळच्या एका गल्लीत गॅरेज चालवणारे एक मामा आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये काढली. गाडी टो करून त्यांच्याकडे नेली. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त माझा जुना नट हातात दिला आणि म्हणाले, ‘‘याचं तोंड बघ.’’ तोंड गोल होतं, अर्ध्या गोटीसारखं. मग मॅगव्हीलच्या भोकात बोट फिरवायला लावलं. तिथली उतरण सरळ होती, फनेलसारखी. मामांनी त्या उतरणीला मार्करची काळी शाई फासली, नट हाताने आवळला, काढला. नटाच्या गोलाईवर केसाएवढी एकच काळी रेघ उमटली होती. ‘‘एवढ्याशा रेघेवर तुझं चाक लटकत होतं.’’

नटाचं तोंड चाकाच्या भोकात जिथे टेकतं ती बैठक. होंडाच्या मूळ चाकांना गोल बैठकीचे नट लागतात. बाहेरच्या बहुतेक मॅगव्हीलना 60 अंशांची शंकूची बैठक असते. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉयना तर सपाट वॉशरवाला नट असतो. म्हणजे नट गाडीचा असतो हे अर्धंच खरं. आटे गाडीचे, बैठक चाकाची. दोन्ही जुळली तरच तो नट आपला.

मामांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त पटली. चाकाचा भार स्टडच्या काठीवर लटकलेला असतो असं आपण समजतो. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून जे घर्षण होतं ते भार पेलतं. बैठक रेघेएवढी असेल तर ॲल्युमिनियम तिथे चेपतं, ताण उतरतो, चाक हबवर सरकायला लागतं. मग प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो. तार हाताने मागेपुढे वाकवून तोडतो ना आपण, तसाच तो तुटतो. म्हणून मामांनी त्या चाकाचे चारही स्टड बदलले. उरलेल्यांनी मोडलेल्याचा भार सोसलेला असतो. एका मॅगव्हीलची भोकं इतकी चेपली होती की ते भंगारात गेलं.

आट्यांचंही तसंच. होंडा, टोयोटा, ह्युंदाईच्या बहुतेक गाड्यांच्या स्टडला 12 मिलिमीटर जाडी आणि 1.5 चा आटा, म्हणजे एका फेऱ्यात नट 1.5 मिलिमीटर पुढे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना जाडी तीच, पण आटा 1.25. दुकानात नटांचा डबा एकच असतो. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे गन लावली की आटे गेलेच. म्हणून प्रत्येक नटाचे पहिले फेरे हातानेच मारायला सांगा, आणि मोजा. 1.5 च्या आट्याला निदान आठ फेरे हवेत, म्हणजे 12 मिलिमीटर पकड, 1.25 ला दहा. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांना नट नसतात, बोल्ट असतात, तिथे लांबीही तपासायला हवी.

गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. माझ्या गाडीला 108 न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला 11 किलोंचा जोर. तो जोर टॉर्क-पान्यानेच द्यायचा, समोरासमोरचे नट घेत, दोन-तीन टप्प्यांत. स्टडला ग्रीस-तेल लावणारे भेटतील; हात धरा त्यांचा. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो. आणि 80-100 किलोमीटर चालल्यावर, चाकं थंड असताना, पुन्हा पाना लावा. नवी बैठक बसायला थोडी जागा घेते. मी नटापासून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट हलला.

हबच्या रिंगाही विसरू नका. माझ्या हबचा व्यास 56.1 मिलिमीटर, मॅगव्हीलचं मधलं भोक 67.1. ती फट भरणारी रिंग दुकानदाराने दिलीच नव्हती. विमा कंपनीला चाकं बदलल्याचं कळवणंही माझ्याकडून राहून गेलं होतं. ते नंतर केलं.

त्या वर्षी आम्ही एसटीने गावी गेलो.

हल्ली गाडीवर मॅगव्हील आहेत, शंकूचे सोळा नट आहेत. पण स्टेपनी अजून कंपनीचीच, लोखंडी, गोल बैठकीची. तिला हे नवे नट चालत नाहीत. म्हणून जुने चार नट कापडी पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधले आहेत. तुमचेही दुकानात सोडून येऊ नका.