रसायनाचा हिशेब

‘हिशेब’ हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. उर्दूतला ‘हिसाब’ तो हाच. ‘तराजू’ तर दोन्ही भाषांत सारखाच आहे. रसायनशास्त्राला उर्दूत ‘कीमिया’ म्हणतात. तोच शब्द मराठीत आला तेव्हा ‘किमया’ झाला आणि त्याला ‘जादू’ असा अर्थ मिळाला. पण खऱ्या रसायनशास्त्रात जादू नसते. तेथे तराजू असतो आणि हिशेब असतो. तो हिशेब कसा करायचा आणि तो चुकला तर काय होते, हे या पाठात पाहू.

चोर कोण?

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना तयार होतो. अशी कल्पना करा, की एका मालकाने कामगाराला १०० किलो शुद्ध चुनखडी मोजून दिली. ती पूर्ण भाजल्यावर चुना तोलला, तर तो ५६ किलोच भरला. मालक रागावला. म्हणाला, “४४ किलो माल कोठे गेला? तू चोरी केलीस!” कामगार म्हणाला, “मालक, मी एक खडासुद्धा घेतलेला नाही.” आता न्याय कोणी करायचा?

न्याय रसायनशास्त्र करील. त्यासाठी एकच गोष्ट माहीत हवी. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन ठरलेले असते. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका. त्याचे वजन १ मानले, तर कार्बनच्या अणूचे सुमारे १२, ऑक्सिजनच्या अणूचे १६ आणि कॅल्शियमच्या अणूचे ४० येते. या आकड्यांना अणुवस्तुमान म्हणतात.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यात कॅल्शियमचा १, कार्बनचा १ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. आता बेरीज करा.

४० + १२ + (३ × १६) = १००

भट्टीत चुनखडीचे दोन पदार्थ होतात. एक कळीचा चुना. त्यात कॅल्शियमचा १ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. ४० + १६ = ५६. दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. त्यात कार्बनचा १ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. १२ + ३२ = ४४.

५६ आणि ४४ मिळून पुन्हा १०० झाले. म्हणजे ४४ किलो माल चोरीला गेला नव्हता. तो वायू होऊन धुराड्यातून आकाशात गेला होता. कामगार निरपराध ठरला.

मात्र हाच हिशेब खोटेपणाही उघडा पाडतो. शुद्ध चुनखडीतून ६० किलो माल मिळाला, तर समजावे, की काही चुनखडी कच्ची राहिली आहे. आणि ५० किलोच मिळाला, तर उरलेल्या ६ किलोंबद्दल विचारण्याचा मालकाला हक्क आहे!

तराजूची साक्ष

बहुतेक वायू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून लोकांना पुष्कळ काळ असे वाटत होते, की जळणारी वस्तू नाहीशी होते. फ्रान्समधील शास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए (१७४३–१७९४) याने तराजूची साक्ष काढली. त्याने बंद भांड्यात धातू तापवले. तापवण्यापूर्वी आणि तापवल्यानंतर सगळे भांडे तोलले. वजनात फरक पडला नाही. यावरून त्याने दाखवून दिले, की रासायनिक अभिक्रियेत द्रव्य नवे निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ते फक्त रूप बदलते. यालाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

१७९२ मध्ये जर्मनीतील येरेमियास रिश्टर या शास्त्रज्ञाने या मोजमापाच्या विद्येला नाव दिले, ‘स्टॉइकिओमेट्री’. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेतील ‘मूलद्रव्य’ आणि ‘मोजमाप’ या दोन शब्दांपासून ते बनले आहे. कोणता पदार्थ किती घेतला म्हणजे कोणता पदार्थ किती मिळेल, हे सांगणारी ही विद्या आहे.

समीकरण म्हणजे जमाखर्च

दुकानदाराच्या वहीत जमा आणि खर्च यांचा मेळ बसावा लागतो. रासायनिक समीकरणही तसेच असते. डाव्या बाजूला जितके अणू, तितकेच उजव्या बाजूला हवेत. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते. हायड्रोजनच्या रेणूत २ अणू असतात आणि ऑक्सिजनच्या रेणूतही २ अणू असतात. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. दोन्ही वायूंचा एकेक रेणू घेऊन पाण्याचा एकच रेणू केला, तर ऑक्सिजनचा एक अणू शिल्लक राहतो. हिशेब जुळत नाही.

अशा वेळी काही विद्यार्थी घाई करतात. ते पाण्याच्या रेणूतच ऑक्सिजनचा आणखी एक अणू घुसवतात. असे कधीही करू नका. मग ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. ते प्यायचे नसते! पदार्थाचे सूत्र बदलायचे नाही, फक्त रेणूंची संख्या बदलायची.

हायड्रोजनचे २ रेणू + ऑक्सिजनचा १ रेणू → पाण्याचे २ रेणू

वजनाने पाहा. ४ + ३२ = ३६. मेळ बसला. म्हणजे ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ३६ ग्रॅम पाणी मिळते.

तुम्ही विचाराल, “अणू तर दिसत नाही. मग ते मोजायचे कसे?” आपण अंडी डझनाने मोजतो. एक डझन म्हणजे १२. अणू फार लहान असतात, म्हणून त्यांचा ‘डझन’ही फार मोठा आहे. त्याला मोल म्हणतात. ६०२२ हा आकडा लिहून त्यापुढे २० शून्ये द्या, म्हणजे एका मोलमध्ये सुमारे किती कण असतात ते कळेल. पण हे कण एकेक करून मोजावे लागत नाहीत. अणुवस्तुमानाइतके ग्रॅम तोलून घेतले, की एक मोल होतो. १२ ग्रॅम कार्बन म्हणजे कार्बनचा एक मोल. तराजूनेच अणू मोजता येतात, ते असे.

पतंग आणि कोळसा

आता एक गणित सोडवा. एका पतंगाला एक कागद आणि दोन काड्या लागतात. एक काडी उभी आणि दुसरी वाकवून केलेली कमान. तुमच्याजवळ १० कागद आणि १६ काड्या आहेत. पूर्ण पतंग किती होतील? उत्तर आहे ८. दोन कागद शिल्लक राहतील, पण काड्यांशिवाय त्यांचा उपयोग नाही. जी वस्तू आधी संपते, ती सगळ्या कामाची मर्यादा ठरवते. रसायनशास्त्रात अशा पदार्थाला मर्यादाकारी अभिकारक म्हणतात.

कोळसा जळतो तेव्हाही असेच होते. कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले, की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन लागतो. म्हणजे ३ किलो कार्बनला ८ किलो ऑक्सिजन हवा.

पण ऑक्सिजन कमी पडला तर? तेव्हा कोळसा थांबून राहत नाही. कार्बनच्या काही अणूंना ऑक्सिजनचा एकच अणू मिळतो. एका काडीच्या पतंगासारखा अपुरा पदार्थ तयार होतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. एका काडीचा पतंग नुसता उडत नाही. हा वायू मात्र माणसाचा जीव घेतो.

त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप आल्यासारखे वाटते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

थंडीच्या दिवसांत काही जण शेगडी पेटवून, दारे-खिडक्या लावून झोपतात. शेगडी म्हणजे तुमची अंगीठी. त्या खोलीचा हिशेब करू. खोली ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. तिच्यात २७ घनमीटर हवा मावते. तिचे वजन सुमारे ३२ किलो. त्यात ऑक्सिजन सुमारे साडेसात किलो. ३ किलो कोळसा पुरता जळायला तेवढाही पुरणार नाही. आणि धोका तर त्याच्या फार आधी सुरू होतो. कारण शेगडीतल्या निखाऱ्यांच्या थरात ऑक्सिजन पहिल्यापासूनच अपुरा पोहोचतो. शिवाय त्याच हवेत घरातली माणसे श्वास घेत असतात.

स्वयंपाकाच्या गॅसचेही असेच आहे. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू असतात. ४४ भाग प्रोपेनला १६० भाग ऑक्सिजन लागतो. हिशेब केला तर १ किलो गॅसला सुमारे १६ किलो हवा लागते. सिलिंडरचे पैसे आपण मोजून देतो. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्योत निळी असेल तर हवा पुरेशी मिळते आहे असे समजावे. ज्योत पिवळी झाली आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर हवा कमी पडते आहे. ती काजळी म्हणजे न जळलेला कार्बन. अशा वेळी बर्नर साफ करून घ्यावा.

म्हणून मित्रांनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा आणि घरीही सांगा. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. न्हाणीघरात हवा येण्याजाण्याची सोय नसेल, तर तेथे गॅस गिझर बसवू नये. शेगडीजवळ किंवा गिझरजवळ कोणाला चक्कर आली, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. मग उशीर न करता डॉक्टरांना बोलवावे.

परीक्षेत समीकरण चुकले, तर दोन गुण जातात. घरात हाच हिशेब चुकला, तर माणसे जातात. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी कदाचित रसायनशास्त्र शिकले नसेल. तुम्ही शिकत आहात. आज रात्री निजण्यापूर्वी घरातली एक खिडकी थोडी उघडी आहे ना, एवढे पाहा. या पाठाचा तोच पहिला स्वाध्याय समजा.

शब्दार्थ

निरपराध – ज्याचा काही गुन्हा नाही असा
धुराडे – धूर बाहेर जाण्याची उंच नळी
साक्ष – पुरावा, ग्वाही
मेळ बसणे – जुळणे
अक्षय्य – कधी नाश न पावणारे
निखारा – धगधगता कोळसा
काजळी – धुराचा काळा थर
वडीलधारी – घरातील मोठी माणसे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कळीचा चुना कशापासून तयार होतो?
(आ) भट्टीतील ४४ किलो माल कोठे गेला होता?
(इ) पिवळ्या ज्योतीवरून काय समजते?

२. कारणे द्या.
(अ) समीकरण जुळवताना पदार्थाचे सूत्र बदलू नये.
(आ) बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये.

३. गणिते सोडवा.
(अ) २५ किलो शुद्ध चुनखडीपासून किती कळीचा चुना मिळेल?
(आ) ६ किलो कार्बन पूर्ण जळण्यास किती ऑक्सिजन लागेल?
(इ) ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ४० ग्रॅम ऑक्सिजन घेतला. पाणी किती होईल? कोणता वायू किती उरेल?

४. वाक्यात उपयोग करा.
मेळ बसणे, उघडे पाडणे, साक्ष काढणे, ध्यानात ठेवणे.

५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. त्यांच्या उच्चारात किंवा अर्थात फरक असल्यास तो लिहा.