गाठीची भीती आणि न दिसणारा डाग



पाड्यावर तपासायला बसले की बायका हातावरची गाठ दाखवून विचारतात, "सिस्टर, ही पुढं कॅन्सरची होईल का?" चरबीची गाठ बहुधा आयुष्यभर तशीच राहते. ती भराभर वाढू लागली किंवा कडक झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावी. मला जास्त काळजी असते ती गर्भाशयाच्या मुखाची. तिथे सुरुवातीला हाताला गाठ लागत नाही आणि दुखतही नाही.

तिथला बिघाड एचपीव्ही या विषाणूने सुरू होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून दोनेक वर्षांत निघूनही जातो. इतका सर्रास आढळणारा हा विषाणू आहे, तेव्हा कोणा भगिनीच्या चारित्र्याविषयी मंडळीत कुजबुज नको. काही जणींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि पेशींची वाढ आवरणारे लगाम निकामी करतो. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, पण वरच्या पातळ थरातच राहतात. हा अजून कर्करोग नव्हे. थराखाली खोल शिरल्या की कर्करोग. यात बहुधा १० ते २० वर्षे जातात. रोखायला एवढा अवधी क्वचितच मिळतो.

तपासणी अगदी साधी आहे. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल कापसाने लावून मिनिटभर थांबायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रत्येक पांढरा डाग धोक्याचा नसतो, पण योग्य वाटल्यास तो तिथेच उष्णतेने जाळता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून हा प्रयोग केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित स्त्रिया होत्या. तरीही या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी करावी. ९ ते १४ वयाच्या मुलींना लस द्यावी. लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये.

आमच्याकडे अडचण वेळेची आहे. भातलावणीत कोणी येत नाही आणि दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर जातात. "पुढच्या महिन्यात या" म्हटले, तर ती बाई पावसाळ्यापर्यंत भेटत नाही. म्हणून तपासणी आणि उपचार एकाच दिवशी, लावणी ते कापणीच्या मधल्या आठवड्यांत व्हायला हवेत. त्यासाठी एक पडद्याची खोली, चांगला दिवा आणि तपासायला स्त्री कार्यकर्ती लागते. यांसाठी प्रार्थना करा आणि जमेल तसा हातभार लावा.