शिकारी विमानपथकांची पाठशाळा

विद्यार्थी मित्रहो, सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत अमरावतीजवळील बेलोरा येथून मुंबईस प्रवासी विमान जाऊं लागलें, तेव्हां तें पाहण्यासाठीं तुमच्यापैकीं पुष्कळांनीं माना उंच केल्या असतील. परंतु हें वाहन आपल्या बाल्यावस्थेंत कोणत्या कामीं लागलें, याचा विचार थोडेच करतात. अमेरिकेंत राइट बंधूंनीं १९०३ सालीं इंजिनाचें पहिलें विमान उडविलें, आणि अवघ्या अकरा वर्षांनीं, १९१४ च्या महायुद्धांत, तें रणांगणावर येऊन दाखल झालें. त्या युद्धांतील जर्मन वैमानिकांच्या शौर्यकथा मुलें आवडीनें वाचतात. त्यांचें खरें बळ मात्र एकट्यादुकट्याच्या धाडसांत नव्हतें. तें शिकवणुकींत होतें. त्या शिकवणुकीची किंमत कोणीं दिली, हेंही त्याबरोबरच पाहिलें पाहिजे. या दोन गोष्टी दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

युद्धाच्या आरंभीं विमान म्हणजे सैन्याचा केवळ डोळा होता. शत्रूच्या छावण्या, तोफा व रस्ते वरून पाहून येणें एवढेंच त्याचें काम. दोन पक्षांचीं विमानें समोरासमोर आलीं, तर वैमानिक पिस्तुल किंवा बंदूक झाडीत. मशीनगन बसवावी तर अडचण अशी, कीं विमानाच्या नाकावर पंखा फिरतो. सरळ समोर गोळी झाडली तर ती आपल्याच पंख्याचें पातें फोडील. हिशेब करून पाहा: दोन पात्यांचा पंखा मिनिटास १२०० फेरे घेत असेल, तर बंदुकीच्या तोंडापुढून सेकंदास ४० वेळां पातें जाईल. रोलां गारो या फ्रेंच वैमानिकानें पात्यांवर पोलादी पाचरी बसवून, त्यांवर आदळणाऱ्या गोळ्या बाजूस उडविण्याची युक्ति योजिली. एप्रिल १९१५ मध्यें त्याचें विमान जर्मनांच्या हातीं पडलें. त्यानंतर लवकरच अँथनी फोकर या डच कारखानदाराकडे अधिक चांगला उपाय निघाला. इंजिनाच्या फिरण्याशींच बंदुकीचा चाप जोडण्यांत आला. पातें समोर असतांना गोळी सुटत नसे. दोन पात्यांमधील मोकळ्या जागेंतूनच ती जाई. आतां विमान ज्याच्यावर रोखावें, त्याच्यावर बंदूक आपोआप रोखली जाऊं लागली. हें फोकर विमान ताशी सुमारें ८५ मैल जाई. अकोल्याहून निघून त्यानें पाऊण तासाच्या आंत अमरावती गांठली असती.

साधन हातीं आलें, तरी तें वापरावें कसें हें कोणी शिकवावें लागतें. ज्या १९१४ सालीं युरोपांत रण पेटलें, त्याच सालीं अमरावतींत वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. आखाड्यांत वस्ताद एकेक डाव आणि त्याची तोड जशी शिष्याच्या अंगीं उतरवितो, तसें आकाशांतील युद्धाचें शिक्षण ज्यानें दिलें, तो जर्मन वैमानिक म्हणजे ऑस्वाल्ड ब्योल्के. तो १८९१ सालीं जन्मला. त्याचे वडील शाळाशिक्षक होते. ऑगस्ट १९१५ मध्यें फ्रान्समधील दुए येथें कालव्यांत बुडणाऱ्या एका फ्रेंच मुलास त्यानें उडी टाकून वांचविलें. शत्रुराष्ट्राचें मूल म्हणून तो कांठावर थांबला नाहीं.

१९१६ सालीं त्यानें आपला अनुभव आठ नियमांत मांडला. सूर्य पाठीशीं ठेवून अनुकूल जागेवरून चाल करावी. हातीं घेतलेला हल्ला अर्धवट सोडूं नये. अगदीं जवळ गेल्यावांचून गोळी झाडूं नये. शत्रूवरून नजर काढूं नये व त्याच्या हुलकावणीस फसूं नये. त्याला मागून गांठावें. तो वरून झेपावला तर पळूं नये, वळून सामोरें जावें. शत्रूच्या मुलखावर असतांना परतीची वाट विसरूं नये. शेवटचा आठवा नियम असा, कीं चार किंवा सहा जणांनीं मिळून जावें. परंतु एकाच विमानामागें दोघांनीं लागूं नये.

त्याच वर्षीं जर्मनांनीं लढाऊ विमानांच्या स्वतंत्र तुकड्या उभारल्या. त्यांना ‘यागडश्टाफेल’, म्हणजे शिकारी तुकडी, आणि संक्षेपानें ‘यास्टा’ असें म्हणत. दुसऱ्या क्रमांकाची यास्टा ब्योल्केकडे आली. नवीं विमानें येईपर्यंत तो एकटा लढून येई, आणि परतल्यावर काय घडलें तें शिष्यांस समजावून सांगे. १७ सप्टेंबर १९१६ रोजीं तो त्यांना प्रथमच एकत्र रणांत घेऊन गेला. त्या दिवशीं त्याच्या एका चोवीस वर्षांच्या शिष्यानें आपला पहिला विजय मिळविला. तो शिष्य म्हणजे मॅनफ्रेड फॉन रिख्तहोफेन.

जानेवारी १९१७ मध्यें रिख्तहोफेन अकराव्या यास्टाचा नायक झाला. त्यानें आपलें विमान तांबडें रंगविलें, आणि सोबत्यांनींही तोच रंग घेतला. पुढें एप्रिल महिन्यांत ब्रिटिशांचीं सुमारें २४५ विमानें नष्ट झालीं, जर्मनांचीं ६६. जूनमध्यें ४, ६, १० व ११ या चार यास्टा एकत्र करून तें मोठें पथक त्याच्या हातीं दिलें गेलें. रंगीबेरंगी विमानें घेऊन जेथें गरज पडेल तेथें हें पथक मुक्काम हलवी. म्हणून इंग्रज त्याला ‘उडती सर्कस’ म्हणूं लागले. रिख्तहोफेनच्या नांवावर अखेरीस ८० विजय जमा झाले.

आतां या गुरुशिष्यांचा शेवट पाहा. २८ ऑक्टोबर १९१६ रोजीं ब्योल्के व त्याचा शिष्य एर्विन ब्योमे हे दोघे एकाच इंग्रज विमानामागें लागले. मध्येंच दुसरीं विमानें आडवीं आलीं. तीं चुकवितांना ब्योमेच्या विमानाचीं चाकें ब्योल्केच्या पंखास घासलीं, आणि ब्योल्के खालीं कोसळला. चाळीस विजय मिळविणारा हा गुरु शत्रूच्या गोळीनें मेला नाहीं. ज्या संकटाविषयीं त्याचा आठवा नियम सावध करीत होता, त्यानेंच त्याचा घात केला. ब्रिटिश वैमानिकांनीं त्याच्यासाठीं विमानांतून पुष्पचक्र टाकलें. २१ एप्रिल १९१८ रोजीं रिख्तहोफेन एका नवशिक्या कॅनेडियन वैमानिकाचा पाठलाग करीत, सोम नदीच्या बाजूनें, अगदीं खालून शत्रूच्या मुलखांत शिरला, आणि एका गोळीनें मेला. परतीच्या वाटेचा नियम त्या क्षणीं बाजूस राहिला होता. ऑस्ट्रेलियन सैनिकांनीं त्याला लष्करी मानानें पुरलें. नियम पाठ असणें निराळें, आणि पाठलागाच्या भरांत तो आठवणें निराळें.

‘विजय’ हा शब्द आपण सहज वाचून जातों. प्रत्येक विजय म्हणजे एक विमान, आणि त्यांत एक किंवा दोन जिवंत माणसें. त्या माणसांत आपले देशबांधवही होते. हरदित सिंग मलिक हे पगडीवर मोठें शिरस्त्राण घालून उडत. २६ ऑक्टोबर १९१७ रोजीं जर्मन विमानांनीं त्यांना घेरलें. पायांत गोळ्या लागल्या, विमानास शेंकडों छिद्रें पडलीं. तरी ते वांचले, आणि पुढें स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय यांना दृष्टि अधू म्हणून प्रथम नाकारण्यांत आलें होतें. त्यांनीं दुसऱ्या तज्ज्ञाकडून डोळे तपासून घेऊन प्रवेश मिळविला. जुलै १९१८ मध्यें पंधरवड्याच्या आंत त्यांनीं दहा विजय मिळविले, आणि २२ जुलै रोजीं फोकर विमानांशीं लढतांना ते पडले. तेव्हां त्यांचें वय १९ वर्षांचें होतें.

तिसरे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर. केंब्रिज येथें शिकलेले हे तरुण ब्रिटिशांच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्यें ‘डॉल्फिन’ विमान चालवीत. २७ जून १९१८ रोजीं तें पाडलें गेलें. जखमी होऊन ते जर्मनांच्या हातीं सांपडले, आणि तीन दिवसांनीं मरण पावले. थडगें त्यांचेंच, ही ओळख युद्ध संपल्यानंतर पटली. तें फ्रान्समधील हांगार गांवच्या दफनभूमींत आहे. त्या वर्षीं जर्मन वैमानिकांस पॅराशूट मिळूं लागलें होतें; ब्रिटिशांच्या लढाऊ वैमानिकांस तें युद्ध संपेपर्यंत मिळालें नाहीं. शत्रूच्या हिशेबांत वेलिंकर हे एक पाडलेलें विमान होते. मुंबईच्या एका घरांत मात्र तो मुलगा होता.

म्हणून मुलांनो, हा विषय वाचतांना वहीचीं दोन पानें घ्या. एकावर ब्योल्केचे आठ नियम लिहा, आणि त्यांतील कोणता नियम केव्हां मोडला गेला तें पुढें नोंदवा. दुसऱ्यावर या तीन भारतीयांचीं नांवें व तारखा लिहा. पालकांनींही संध्याकाळीं तीं दोन्ही पानें मुलांकडून वाचवून घ्यावीं. पहिलें पान पाठ झालें म्हणून दुसरें सोडूं देऊं नये.