फ्रान्सच्या दौऱ्यात जेवणाला किती खर्च येतो?

चाकण पट्ट्यात व्हॅलिओ, फोर्व्हिया अशा फ्रेंच कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअरला फ्रान्सचा दौरा निघणं आता नवलाचं नाही. भत्ता युरोत मिळतो खरा, पण रीत माहीत नसेल तर तो हॉटेलातच संपतो. हिशेबाला १ युरो म्हणजे निदान १०० रुपये धरा.

मुख्य जेवण दुपारीच करा. बारा ते दोनच्या दरम्यान साध्या रेस्तराँत ठरावीक दराचं जेवण, म्हणजे 'फॉर्म्युल', साधारण १५ ते २० युरोला मिळतं. मुख्य पदार्थ आणि त्याआधीचा किंवा नंतरचा एक पदार्थ त्यात येतो. रात्री तेवढ्याच जेवणाला ३० युरो सहज लागतात. दोननंतर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते सात-साडेसातलाच उघडतं.

पाण्याची बाटली मागवू नका, ५-६ युरो जातात. 'कराफ दो' म्हणा; नळाचं स्वच्छ पाणी फुकट येतं, जेवणासोबतचा ब्रेडही फुकटच. दरांत सेवाशुल्क धरलेलं असतं, त्यामुळे टिपेची सक्ती नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते.

शाकाहारी मंडळींनी फार जपावं. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा रस्सा असतो, कीश लोरेनमध्ये डुकराचं मांस, निस्वाझ सॅलडमध्ये मासे. 'नी व्हियाँद, नी प्वासाँ', म्हणजे मांसही नको, मासेही नकोत, हे पाठच करून जा. रातातुई आणि चीज घातलेली गालेत ही कुट्टूची धिरडी बरी; गालेत 'साँ जाँबाँ', म्हणजे हॅमशिवाय, मागा आणि अंडं चालत नसेल तर तेही सांगा. घरून मेतकूट, चटणी, भाजणी न्या. तूप, पनीर मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

आत शिरताच 'बाँजूर' म्हणा. न बोलता थेट मागणी केली तर ते उद्धटपणाचं वाटतं. ब्रेड हाताने तोडून ताटाशेजारी टेबलावरच ठेवतात. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, म्हणून 'लादिस्याँ, सिल व्हू प्ले' म्हणा.

सकाळी क्रोसाँ आणि कॉफी ४ युरो, दुपारी १८, रात्री सुपरमार्केटातला बगेत, चीज, फळं ८ ते १०. दिवसाला ३० ते ३५ युरो जेवणासाठी बाजूला काढा. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात, त्या दिवसाची खरेदी शनिवारीच उरका.