स्टार्व्ड रॉक : ऐन थंडीत जावं असं उद्यान

शिकागोहून नैऋत्येला दीड-दोन तासांवर, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठाला स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क आहे. आपली मराठी मंडळी उन्हाळ्यात डबे बांधून तिथे जातात आणि ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग ओसरले की पुढच्या वर्षापर्यंत त्याचं नाव काढत नाहीत. मी मात्र मुद्दाम हिवाळ्यात जाते. हे उद्यान सर्वांत जास्त देतं ते जानेवारीत, अशी माझी खात्री झाली आहे. त्या हिवाळी फेऱ्यांनी जे शिकवलं, ते हे.

१. थंडी कडक पडू द्या, मग जा.
सहलीसाठी उबदार दिवस शोधायची आपली सवय इथे सोडावी लागते. उत्तरेकडची तळी गोठली की बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, वाहत्या पाण्याच्या शोधात दक्षिणेला सरकतात. हिवाळा सौम्य असेल तर नदी सगळीकडे मोकळी राहते आणि गरुड पांगतात. ती गोठली की जिथे पाणी उरतं तिथे ते गोळा होतात. धबधबे गोठायलाही सलग थंडीच लागते. म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध निवडा. हिमवादळाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला, पण नुसता शून्याखालचा आकडा पाहून नको.

२. सकाळी आधी धरण, मग घळी.
आई-बाबा भारतातून आले होते तेव्हा आईने पहिलाच प्रश्न विचारला, “बाकी नदी गोठलीय, मग इथेच पाणी कसं वाहतंय गं?” सगळ्या दिवसाची किल्ली या प्रश्नात आहे. इथे नदीवर १९३३ साली पूर्ण झालेलं धरण आहे आणि जहाजांना चढ-उतार करता यावी म्हणून शेजारी लॉक आहे. दरवाजांतून कोसळणारं पाणी इतकं घुसळलं जातं की खालच्या बाजूला बर्फ धरत नाही. त्या लोंढ्यातून आलेले शॅड जातीचे मासे बधिर होऊन वर तरंगतात आणि गरुडांना आयतं खाणं मिळतं. उत्तर काठावर लॉकला लागून इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटर आहे, तिथून हे सगळं छान दिसतं. गरुड सकाळी शिकार करतात, नंतर तासन् तास झाडावर बसून राहतात. उशिरा पोचलात तर बसलेले पक्षी दिसतील. पाण्यावर झेपावून पंजात मासा उचलणारा गरुड पाहायचा तर लवकर निघायला हवं.

३. तपकिरी पक्ष्याला घार समजून सोडू नका.
गरुडाचं डोकं आणि शेपूट पूर्ण पांढरी व्हायला पाचेक वर्षं लागतात. तोवर तो तपकिरी, मधूनमधून पांढरे ठिपके असलेला असतो. असा तरुण पक्षी दिसला की मला फार आनंद होतो, कारण तो वंश वाढत असल्याचा पुरावा आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे या गरुडांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटू लागली होती. १९६३मध्ये अलास्का वगळता अमेरिकेत जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली, संरक्षण मिळालं आणि २००७मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. कायदा नीट पाळला तर निसर्ग सावरतो, हे मुलांना इथे डोळ्यांनी दाखवता येतं.

४. पक्ष्याला उडवू नका.
चांगल्या फोटोसाठी पुढे सरकण्याचा मोह आवरा. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक अनावश्यक उड्डाण गरुडाला महागात पडतं. दुर्बीण घ्या, आवाज कमी ठेवा. खाली पडलेलं पीसही उचलू नका. ते जवळ बाळगणं इथे बेकायदा आहे.

५. गोठलेला धबधबा जरा लांबून पाहा.
उद्यानात वालुकाश्मात कोरलेल्या अठरा घळी आहेत. सह्याद्रीतले बरेचसे धबधबे पावसाळा सरला की आटतात. इथले थंडीत जागच्या जागी थिजतात आणि बर्फाचे उंच खांब उभे राहतात. काही पिवळसर, काही निळे. जाड बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषतो, म्हणून निळाई दिसते. फ्रेंच कॅनियन ही घळ उद्यानातल्या लॉजपासून जवळ आहे, पण वयस्कर सोबत असतील तर आधी वाट किती निसरडी आहे ते पाहा. ला साल कॅनियनला चाल जास्त आहे. ऊन पडलं की वरून बर्फाचे मोठे तुकडे सुटतात, त्यामुळे खाली उभं राहू नये. वरच्या वाटांवर कड्याच्या टोकाशी जाऊ नये, वालुकाश्म ठिसूळ असतो. बुटांखाली दातेरी पट्ट्या लावा आणि अंगालगत सुती कपडा नको, तो घामाने ओला झाला की लवकर वाळत नाही.

६. खडकाची माणसं विसरू नका.
नदीपलीकडे इलिनॉय जमातींचं मोठं गाव होतं. १६८२मध्ये ला साल या फ्रेंच शोधप्रवाशाने अलीकडच्या काठावरच्या, उद्यानाला नाव देणाऱ्या खडकावर किल्ला बांधायला घेतला. पुढे शत्रूने वेढल्यामुळे इलिनॉय लोक इथे उपासमारीने मेले, अशी आख्यायिका आहे आणि तिच्यावरूनच खडकाला स्टार्व्ड रॉक, म्हणजे उपासमारीचा खडक, हे नाव पडलं. वर चढून नदी पाहताना हे ठाऊक असलं की पाय सावकाश पडतात.

७. दुपार लॉजला द्या, पण अंधाराआधी वाटांवरून परत या.
१९३०च्या दशकात मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनी हे लॉज उभं केलं. तिथल्या दगडी शेकोटीपाशी थोरामोठ्यांना निवांत बसता येतं. जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि घळींत अंधार त्याआधीच होतो.

येत्या जानेवारीत दुर्बीण घ्या, चहाचा थर्मास भरा, घरातल्या आजी-आजोबांनाही नीट गुंडाळून सोबत घ्या आणि उजाडायच्या आत निघा. थंडीला भिऊन घरात बसलात, तर इलिनॉयचा सर्वांत संपन्न ऋतू तुम्ही पाहिलाच नाही असं होईल.