आमचं हायस्कूल : फळ्यावरची संधी घरापर्यंत कशी पोहोचते?



'माझी शाळा' हा निबंध तुम्ही पाचवीपासून लिहीत आला आहात. बहुतेक वह्यांत तो सारखाच असतो. शाळेची इमारत सुंदर, भोवती झाडे, समोर मोठे मैदान, शिक्षक प्रेमळ आणि शेवटी 'मला माझी शाळा खूप आवडते'. यात चूक काही नाही. पण गावाकडचं हायस्कूल म्हणजे एवढंच असतं का? आज आपण जरा वेगळ्या बाजूने बघू. शाळा मुलांना कोणकोणत्या संधी देते, त्या संधी मुलांपर्यंत खरंच पोहोचतात का, आणि त्यात गावाचं काम काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे. वैचारिक निबंध लिहिताना यातले मुद्दे तुम्हाला वापरता येतील.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात शिकवतो. माण-खटावचा हा पट्टा कमी पावसाचा. आमच्या हायस्कूलला सात-आठ गावांतली आणि वाड्यावस्त्यांवरची मुलं येतात. कोणी एसटीने, कोणी सायकलवर, कोणी चालत. काहींचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातात ते उन्हाळ्यातच परततात. काहींचे वडील मेंढरं घेऊन लांब जातात. मग मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि शाळा शिकतं. पुढचं सगळं वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

१) फळ्यावर काय काय असतं?

कार्यालयाबाहेर आमचा सूचनाफलक आहे. वर्षभरात त्यावर लागणाऱ्या काही सूचना बघा.

एनएमएमएस परीक्षा : पूर्ण नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना परीक्षा. ही आठवीच्या मुलांसाठी असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारी मुलं बसू शकतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे मिळून ४८,०००. देशभरात दरवर्षी १ लाख मुलांना ही शिष्यवृत्ती मिळते आणि त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे.

रेखाकला परीक्षा : कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटमध्ये 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला ७, 'ब' मिळाली तर ५ आणि 'क' मिळाली तर ३ वाढीव गुण मिळतात.

इन्स्पायर अवॉर्ड मानक : तुम्हाला सुचलेली एखादी कल्पना शाळेमार्फत ऑनलाईन पाठवायची. रोजच्या कामातली अडचण सोडवणारी कल्पना असावी, पुस्तकातला तयार प्रकल्प नको. निवड झाल्यास प्रतिकृती करण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि जिल्हा पातळीच्या प्रदर्शनात ती मांडता येते.

याशिवाय तालुका क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, स्काऊट-गाईड, हरित सेना आणि मुलींसाठी एसटीचा मोफत पास. म्हणजे फळा भरलेला असतो. 'खेड्यातल्या मुलांना संधीच नाही' असं आपण सहज म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे.

२) एक मुलगी आणि ४८,००० रुपये

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतल्या एका मुलीने एनएमएमएस दिली. वर्गात फार न बोलणारी, पण गणितात हुशार. निकाल लागला आणि निवड यादीत तिचं नाव आलं. आम्ही परिपाठाला टाळ्या वाजवल्या, गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. आमच्या दृष्टीने काम झालं होतं.

खरं काम मात्र पुढेच होतं. निवड झालेल्या मुलाने नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मुदतीत अर्ज भरावा लागतो. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं आणि ते आधारला जोडलेलं लागतं. मग शाळेने तो अर्ज तपासायचा आणि पुढे पाठवायचा. नववीतला पहिला अर्जच राहिला, तर पुढच्या वर्षांचं नूतनीकरण सुरूच होत नाही.

आम्ही फळ्यावर सूचना लावली. वर्गात दोनदा सांगितलं. मुदत गेल्यावर यादी तपासली, तर तिचा अर्जच नव्हता. मी तिला बोलावलं आणि जरा रागानेच विचारलं, "अगं, एवढी परीक्षा पास झालीस आणि अर्ज का नाही भरलास?"

ती खाली बघत म्हणाली, "सर, मी फळ्यावरचं वाचलं होतं. पण आई-दादा टोळीबरोबर गेलेत. रेशनकार्ड त्यांच्याजवळ हाय. आजीला वाचता येत न्हाई. मी कुणाला सांगू?"

मला काही उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. दसऱ्याला टोळ्या जातात हे मला माहीत होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, हेही हजेरी घेताना अनेकदा ऐकलं होतं. तरी दाखल्याचं काम जुलैमध्येच करून घ्यावं, हे मला सुचलं नाही. सूचना लावली म्हणजे ती पोहोचली, असं मी धरून चाललो. चूक तिची नव्हती, माझी होती आणि आम्हा सगळ्या शिक्षकांची होती.

ती मुलगी पुढे दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीला तालुक्याच्या गावी जाऊ लागली. पण वह्या-पुस्तकांसाठी सुट्टीत तिला कांदा काढायला मजुरीने जावं लागायचं. वर्षाला १२,००० रुपये म्हणजे काय, हे तिला बघितल्यावर कळायचं.

३) मग आम्ही काय बदललं?

पुढच्या वर्षी आम्ही ठरवलं की सूचना फळ्यावर लावायचीच, पण तिथे थांबायचं नाही. बदल साधे होते.

पहिला बदल वेळेचा. जुलैतला एक शनिवार आम्ही फक्त कागदपत्रांसाठी ठेवतो. पालक गावातच असतात तेव्हा रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुक घेऊन शाळेत येतात. गावातला महा ई-सेवा केंद्र चालवणारा तरुण आमचाच माजी विद्यार्थी. तो त्या दिवशी आपला लॅपटॉप घेऊन वर्गात बसतो. उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज तिथेच भरले जातात. ज्यांचं खातं नाही त्यांची यादी करून पुढच्या आठवड्यात मुलांना बँकेत नेतो.

दुसरा बदल जागेचा. पालक शाळेत येत नसतील, तर पालक जिथे असतात तिथे आपण जायचं. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ निम्मं गाव दूध घालायला डेअरीवर येतं. तिथे सूचना चिकटवतोच, शिवाय डेअरीचे सचिव ती मोठ्याने वाचून दाखवतात. बचत गटाच्या बैठकीत आमच्या बाई जाऊन बसतात. ज्या आईला कागद वाचता येत नाही, तिलाही शेजारणीकडून कळतं, "तुझ्या पोरीचं नाव आलंय, दाखला काढ."

तिसरा बदल मुलांचा. आठवीच्या मुलांची तयारी आता नववीची मुलं घेतात. आदल्या वर्षी परीक्षा दिलेली असल्यामुळे कुठे वेळ जातो आणि कुठे फसायला होतं, हे त्यांना ताजं आठवत असतं. रविवारी सकाळी दोन तास, शाळेच्या व्हरांड्यात. शिकवता शिकवता त्यांचाही अभ्यास पक्का होतो. आणि कोणाचे आईवडील गावात नाहीत, कोणाकडे मोबाईल नाही, हे आम्हा शिक्षकांपेक्षा या मुलांना लवकर कळतं.

चौथा बदल गावाबाहेरच्या गावकऱ्यांचा. खटाव, आटपाडी, खानापूर या भागातले कितीतरी लोक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरलेले आहेत. आमचे काही माजी विद्यार्थीही त्यात आहेत. गावच्या यात्रेला ते आवर्जून येतात. पूर्वी त्यांच्याकडे आम्ही कमानीसाठी, रंगासाठी देणगी मागायचो. आता परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांचे संच मागितले. हे संच मुलांना वर्षभर वापरायला देतो आणि परीक्षेनंतर पुढच्या मुलांसाठी परत घेतो.

यामुळे सगळं सुरळीत झालं का? नाही. अजूनही एखादा दाखला अडकतो, एखादं खातं आधारला जोडलेलं नसतं. दहावीनंतर शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत ६० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५ टक्के सूट असते. तिथेही काही मुलं मागे पडतात. पण 'मी कुणाला सांगू' असं म्हणायची वेळ आता सहसा कोणावर येत नाही.

४) ही रीत आपल्या जिल्ह्याची जुनीच

मुलांनो, गावाने मिळून शिक्षण उभं करायचं, ही कल्पना आमची नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि एका पंगतीत जेवायची. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा झालं, कोणी जागा दिली, कोणी श्रम दिले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी स्वतःचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. 'कमवा आणि शिका' ही योजनाही याच विचारातून आली. तेव्हा मूठभर धान्य लागत होतं, आज एक दाखला, एक लॅपटॉप आणि कोणाचा तरी तासभर वेळ लागतो.

दुसरं उदाहरण आजच्या काळातलं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून तिरंदाजी खेळले. आईवडील मजुरी करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी या मुलातली चुणूक ओळखली, त्याला खेळाकडे वळवलं आणि तिथून तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पोहोचला. आता विचार करा. क्रीडा प्रबोधिनी सगळ्यांसाठीच होती. पण सरड्यातल्या मजुराच्या घरात तिचं नाव कोण सांगणार होतं? मेहनत प्रवीणची, यात शंका नाही. पण प्रबोधिनीचा रस्ता दाखवणारं माणूस शाळेत भेटलं, हेही तितकंच खरं.

५) तुमचं काम काय?

विद्यार्थी मित्रांनो, सगळं शिक्षकांवर आणि गावावर सोडू नका. चार गोष्टी तुम्हीच करा.

शाळेत गेल्यावर सूचनाफलक रोज वाचा आणि शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि दाखल्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घरी ठेवा. आईवडील बाहेरगावी जाणार असतील तर त्याआधी ही पिशवी तयार असू द्या. घरी कोणाला वाचता येत नसेल तर सूचना मोठ्याने वाचून दाखवा. आणि अडचण असेल तर न लाजता सांगा. शिक्षक रागावतील असं वाटलं तरी सांगा. त्या मुलीने मुदतीआधी मला विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. पण मीच तिला आधी विचारलं असतं, तर त्याहून बरं झालं असतं.

पुढच्या वेळी 'माझी शाळा' लिहिताना इमारत आणि बागेबद्दल दोन ओळी लिहा. बाकीच्या ओळींत आपल्या शाळेतून कोणाला काय मिळालं, कोणाचं काय राहून गेलं आणि ते राहू नये म्हणून काय करता येईल, हे लिहा. तो निबंध तुमचा स्वतःचा होईल.

स्वाध्याय

१) तुमच्या शाळेच्या सूचनाफलकावर सध्या असलेल्या सूचनांची यादी करा. प्रत्येकीसमोर शेवटची तारीख आणि लागणारी कागदपत्रं लिहा.

२) 'सूचना लावली म्हणजे ती पोहोचली असं नाही.' या विचाराबद्दल तुमचं मत आठ ते दहा ओळींत लिहा.

३) ज्यांना वाचता येत नाही अशा पालकांना समजेल अशी, मोठ्याने वाचून दाखवायची सूचना एनएमएमएस परीक्षेबद्दल तयार करा.

४) तुमच्या गावातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याची किंवा विद्यार्थिनीची मुलाखत घ्या. 'शाळेत असताना तुम्हाला कोणी मदत केली?' हा प्रश्न जरूर विचारा.

५) तुमच्या वर्गातल्या कोणाचे आईवडील कामासाठी बाहेरगावी असतात? त्यांच्यासाठी वर्ग म्हणून काय करता येईल, यावर गटात चर्चा करा आणि ठरलेलं एक काम याच महिन्यात करा.